हिशेब प्रदर्शनापासून मागे: स्वतंत्र मराठी चित्रपटासाठी पैसा कसा उभारावा आणि कसा राखावा

अंधेरी-गोरेगाव पट्ट्यातल्या अनेक पोस्ट-प्रॉडक्शन (चित्रीकरणानंतरची कामे करणाऱ्या) स्टुडिओंत एक कपाट असते. त्यात पांढरी चिकटपट्टी लावलेल्या हार्ड डिस्क रांगेने ठेवलेल्या असतात आणि पट्टीवर चित्रपटाचे नाव, दिग्दर्शकाचे आडनाव व चित्रीकरणाचे साल लिहिलेले असते. हे चित्रपट चित्रीकरणात अडलेले नसतात. चित्रीकरण कसेही निभावून नेता येते: मित्र येतात, मामाचा वाडा लोकेशन म्हणून मिळतो, गाव दोन दिवस जेवू घालते आणि नट मानधन पुढे घेण्यास तयार होतात. ध्वनिमिश्रणाचा स्टुडिओ मात्र तासावर पैसे घेतो आणि डिजिटल प्रक्षेपण करणारी कंपनी आगाऊ रक्कम जमा झाल्याशिवाय एकाही पडद्यावर चित्रपट चढवत नाही. म्हणजे ज्या टप्प्यावर ओळखीपाळखी चालत नाहीत, नेमक्या त्याच टप्प्यावर निर्मात्याचा खिसा रिकामा झालेला असतो. लाइन प्रोड्यूसर, म्हणजे निर्मितीचा रोजचा खर्च व वेळापत्रक सांभाळणारा माणूस, म्हणून काम करताना मी हे इतक्यांदा पाहिले आहे की आता कोणी पटकथा घेऊन आले, तर मी आधी प्रदर्शनाच्या आठवड्याचा हिशेब मांडतो आणि तिथून मागे येत येत चित्रीकरणाच्या पहिल्या दिवसापर्यंत पोहोचतो. पुढचे सगळे विवेचन याच उलट्या क्रमाच्या आधाराने केले आहे.

‘स्वतंत्र’ या शब्दाचा अर्थ येथे इतकाच घेतला आहे की कोणत्याही स्टुडिओने किंवा वाहिनीने खर्च आधी उचललेला नाही, जोखीम निर्मात्याची आहे आणि म्हणून हक्कही निर्मात्याकडे आहेत.

एका तिकिटातून हाती काय येते

समजा, मल्टिप्लेक्समधील तिकीट १५० रुपयांचे आहे. शंभर रुपयांवरील तिकिटाला १८ टक्के वस्तू व सेवा कर लागतो, तो या किमतीतच धरलेला असल्याने वजा जाता सुमारे १२७ रुपये उरतात. (शंभर रुपयांपर्यंतच्या तिकिटावरील कर २२ सप्टेंबर २०२५ पासून ५ टक्के झाला आहे, हा तालुक्याच्या एकपडदा चित्रपटगृहांच्या दृष्टीने लहान दिलासा आहे.) निर्माते आणि मल्टिप्लेक्स यांच्यात २००९ साली झालेल्या संघर्षानंतर हिंदी चित्रपटांसाठी जे सूत्र ठरले, त्यानुसार वितरकाचा वाटा पहिल्या आठवड्यात ५०, दुसऱ्यात ४२.५, तिसऱ्यात ३७.५ आणि पुढे ३० टक्के असतो, आणि मराठीतील बोलणीही साधारण याच आकड्यांच्या आसपास सुरू होतात. तेव्हा पहिल्या आठवड्यात १२७ पैकी साडेत्रेसष्ट रुपये वितरकाकडे येतात. त्याचे कमिशन १५ टक्के धरले, तर निर्मात्याच्या नावावर तिकिटामागे ५४ रुपये जमा होतात, आणि तेही प्रसिद्धीसाठी वितरकाने काही खर्च केला असेल तर तो वसूल झाल्यानंतर.

आता निर्मितीखर्च १ कोटी २० लाख आणि प्रसिद्धी व प्रदर्शनाचा खर्च ६० लाख धरा. एकूण १ कोटी ८० लाख रुपये केवळ चित्रपटगृहांतून परत यायचे असतील, तर सुमारे ३ लाख ३३ हजार प्रेक्षक हवेत. दोनशे खुर्च्यांचा पडदा तीस टक्के भरतो असे मानले, तर एका खेळाला साठ माणसे येतात. याचा अर्थ साडेपाच हजारांहून अधिक खेळ. राज्यभर रोज दोनशे खेळ मिळाले, तरी अठ्ठावीस दिवस चित्रपट त्याच गर्दीने चालायला हवा, आणि दुसऱ्या आठवड्यापासून आपला वाटा घटत जातो तो वेगळाच.

हा हिशेब मांडल्यावर काही दिग्दर्शक माझ्याकडे रागाने पाहतात. घाबरवण्याचा हेतू नसतो; तिकीटखिडकीवर वसुलीचा सगळा भार टाकता येत नाही, एवढेच त्यातून कळावे. राहिलेला भार ओटीटी, सॅटेलाइट (दूरचित्रवाणीचे) हक्क, राज्याचे अनुदान, परदेशातील प्रदर्शन, विमानात चित्रपट दाखवणाऱ्या विमानकंपन्या आणि क्वचित पुनर्निर्मितीचे (रीमेक) हक्क यांवर पडतो. यातही एक शिस्त पाळावी: ज्या रकमेचा करार सही होऊन हातात आहे तीच अंदाजपत्रकाच्या जमेच्या बाजूला लिहावी, बाकी सगळ्यांपुढे शून्य. ‘ओटीटीवाल्यांशी बोलणे झाले आहे’ हे वाक्य मी अनेक चहांसोबत ऐकले आहे. आता बरेच प्लॅटफॉर्म थिएटरमध्ये चित्रपटाचे काय झाले ते पाहून मगच भाव सांगतात, त्यामुळे प्रदर्शनाआधीच्या ओटीटी विक्रीवर पहिल्या चित्रपटाची मांडणी करणे मला धोक्याचे वाटते.

अंदाजपत्रक: आधी शेवटचे रकाने भरावेत

अंदाजपत्रकाचा तक्ता बहुतेक जण पटकथा, कलाकार, कॅमेरा या क्रमाने भरत जातात आणि तळाशी पोहोचेपर्यंत पैसे संपलेले असल्याने तिथे हाताला येईल तो आकडा लिहितात. मी तळापासून सुरुवात करतो. डीसीपी (चित्रपटगृहात चालणारी डिजिटल प्रत) आणि ती उघडणाऱ्या डिजिटल चाव्या, यूएफओ किंवा क्यूब यांसारख्या कंपन्यांचे प्रक्षेपणशुल्क, पोस्टर, ट्रेलर, प्रमाणन मंडळाचे (सेन्सॉर बोर्डाचे) शुल्क, इंग्रजी सबटायटल, दिव्यांग प्रेक्षकांसाठीचे कॅप्शन व ध्वनिवर्णन (माहिती व प्रसारण मंत्रालयाच्या २०२४ च्या मार्गदर्शक सूचनांनंतर हा रकाना ऐच्छिक मानू नये), त्यावर ध्वनिमिश्रण, फोली (पावलांसारखे आवाज नंतर मुद्रित करणे), डबिंग, पार्श्वसंगीत, डीआय (रंगसुधारणा) आणि संकलन. ही बेरीज झाली की ती रक्कम वेगळ्या बँक खात्यात ठेवावी आणि त्या खात्याला निर्मात्याबरोबर आणखी एका माणसाची सही बंधनकारक करावी. चित्रीकरणाच्या पंधराव्या दिवशी कॅमेऱ्यासाठी क्रेन हवीशी वाटते तेव्हा हे दुसरे नाव उपयोगी पडते. शक्य असेल तर तो माणूस चित्रपटाबाहेरचा असावा. आमच्या एका चित्रपटात ही जबाबदारी निर्मात्याच्या थोरल्या बहिणीकडे होती, त्या बँकेतून निवृत्त झालेल्या होत्या आणि त्यांनी एकही क्रेन मंजूर केली नाही.

त्यानंतर चित्रीकरणाचे दिवस. पटकथेचे ब्रेकडाउन करून, म्हणजे प्रत्येक दृश्याला लागणारी माणसे, जागा, वेळ, वस्तू व वाहने वेगळी काढून, वेळापत्रक बांधावे. तारखा कलाकारांच्या सोयीने पडतात, पण पैसा जागा बदलण्यात जातो, म्हणून एका जागेची दृश्ये एकत्र बांधावीत. जेवणासारख्या साध्या रकान्याचे उदाहरण घेऊ. भोरजवळच्या एका गावात आमचे युनिट ४८ माणसांचे होते. नाश्ता, दोन वेळचा चहा आणि दोन जेवणे मिळून माणशी दिवसाला ३८० रुपये पडत होते. दिवसाचे १८,२४० आणि चोवीस दिवसांचे ४ लाख ३७ हजार ७६०. पहिल्या अंदाजपत्रकात या रकान्यासमोर तीन लाख लिहिलेले होते, कारण ‘गावात स्वस्त पडेल’ असे कोणीतरी म्हणाले होते. जेवण हा युनिटचा मूड सांभाळणारा खर्च आहे, त्यात काटकसर केली की ती रात्रीच्या शिफ्टमध्ये व्याजासह परत येते. शिफ्ट बारा तासांची धरली जाते आणि पुढे गेल्यास दीड शिफ्टचे पैसे द्यावे लागतात, तेव्हा पॅक-अपला होणारा उशीर हा कलात्मक प्रश्न नसून रोजचा खर्च आहे.

काटकसर कुठे करू नये याचा धडा मला त्याच गावात मिळाला. सिंक साउंडचे, म्हणजे संवाद जागेवरच मुद्रित करण्याचे, चित्रीकरण असताना आम्ही आवाज न करणारी जनरेटर व्हॅन पुण्याहून न मागवता जवळच्या मांडववाल्याचा जनरेटर घेतला आणि दोन रात्रींत २२ हजार रुपये वाचवले. तो जनरेटर वळणाआड दीडशे मीटरवर ठेवला होता, हेडफोनमध्ये त्याची घरघर रातकिड्यांच्या आवाजात मिसळून गेली, आणि ध्वनिमुद्रकाने दोनदा हात वर करूनही आम्ही ‘पोस्टमध्ये काढू’ म्हणून पुढे गेलो. ती निघाली नाही. दोन रात्रींचे संवाद डब करावे लागले, त्यासाठी तीन कलाकारांना पुन्हा मुंबईत बोलवावे लागले आणि एकूण खर्च दीड लाखावर गेला. मांडववाल्याची काही चूक नव्हती, त्याने लग्नाला देतो तसाच जनरेटर दिला होता.

एकूण खर्चाच्या दहा टक्के रक्कम आकस्मिक खर्चासाठी ठेवावी आणि ती कुठे आहे हे दिग्दर्शकाला सांगू नये.

मराठी चित्रपटांत मुले आणि जनावरे बरीच असतात, म्हणून दोन नियम येथेच नोंदवतो. बालकलाकाराबाबत २०१७ च्या सुधारित नियमांनुसार जिल्हाधिकाऱ्यांची परवानगी लागते, मुलाकडून दिवसात पाच तासांपेक्षा जास्त व सलग तीन तासांपेक्षा जास्त काम घेता येत नाही, सलग २७ दिवसांहून अधिक काम देता येत नाही आणि त्याच्या मानधनातील किमान २० टक्के रक्कम त्याच्या नावाने राष्ट्रीयीकृत बँकेत मुदत ठेव म्हणून ठेवावी लागते. प्रमुख भूमिका दहा वर्षांच्या मुलाची असेल, तर दिवसाला पाचच तास मिळणार हे वेळापत्रकात पहिल्याच दिवशी धरावे. बैल, घोडा, कुत्रा पडद्यावर असेल, तर भारतीय जीवजंतू कल्याण मंडळाकडे चित्रीकरणाआधी अर्ज करावा; ते पत्र नसेल तर प्रमाणन मंडळाकडे दृश्य अडते आणि तेव्हा बैल परत आणून उपयोग नसतो.

हक्कांची कागदपत्रे पैशाच्या आधी

गुंतवणूकदार खरे तर हक्क विकत घेत असतो, आणि जे आपल्याकडे नाही ते त्याला देता येत नाही. १९५७ च्या कॉपीराइट कायद्याप्रमाणे चित्रपटाचा कर्ता निर्माता मानला जातो, पण त्यात वापरलेली कथा, पटकथा, गीते आणि संगीत ही स्वतंत्र कृती असतात आणि त्यांचे हक्क लेखी कराराने घ्यावे लागतात. करारात मुदत लिहिली नसेल तर ती पाच वर्षांची समजली जाते, आणि प्रदेश लिहिला नसेल तर तो भारतापुरता. याहून कमी लोकांना ठाऊक असलेली तरतूद अशी की हक्क घेतल्यापासून एका वर्षात त्यांचा वापर केला नाही तर ते मूळ लेखकाकडे परत जातात, करारात वेगळे नमूद केले असेल तरच ही अट टळते. कादंबरीवरून चित्रपट करणाऱ्याने या तिन्ही बाबी शब्दशः तपासाव्यात, कारण स्वतंत्र चित्रपट वर्षभरात उभा राहणे हा अपवाद असतो. २०१२ च्या दुरुस्तीनंतर लेखक, गीतकार व संगीतकार यांचा काही वापरांवरील रॉयल्टीचा वाटा करारानेही काढून घेता येत नाही, हे ध्यानात ठेवून आकडे ठरवावेत.

कथालेखक मित्र असेल तर करार करणे संकोचाचे वाटते. तरीही करावा. ओटीटीला चित्रपट विकताना कथेपासून पार्श्वसंगीतापर्यंतच्या हक्कांची अखंड साखळी दाखवावी लागते, आणि दहा वर्षांपूर्वीच्या मित्राला तेव्हा सहीसाठी शोधणे अधिक संकोचाचे असते. दृश्यात चहाच्या टपरीवर रेडिओ लागला असेल आणि त्यावर जुने गाणे वाजत असेल, तर त्याचेही हक्क लागतात. त्या आठ सेकंदांची किंमत विचारून आम्ही ती टपरी मुकी केली आहे. चित्रपटाच्या नावाची नोंदणी कोल्हापूर येथे मुख्यालय असलेल्या अखिल भारतीय मराठी चित्रपट महामंडळाकडे किंवा निर्मात्यांच्या मान्य संघटनेकडे लवकर करावी, कारण पोस्टर छापल्यावर नाव बदलणे महागात पडते.

पैसा कोणाचा, आणि कोणत्या अटीवर

चित्रपटासाठी स्वतंत्र खासगी कंपनी किंवा एलएलपी (मर्यादित दायित्वाची भागीदारी) स्थापन करावी आणि एका चित्रपटाचा पैसा दुसऱ्यात मिसळू नये. पैसा मागण्याचे मार्ग अनेक वाटले, तरी कायद्याने आखलेली चौकट बरीच अरुंद आहे. कंपनी कायद्यानुसार खासगी कंपनीला एका आर्थिक वर्षात दोनशेपेक्षा जास्त व्यक्तींना समभाग देऊ करता येत नाहीत आणि त्याची जाहिरातही करता येत नाही. त्यामुळे ‘एक लाख गुंतवा, नफ्यात वाटा मिळवा’ असा संदेश सोसायटीच्या व्हॉट्सअॅप गटात टाकणे हा उत्साह नसून गुन्ह्याच्या जवळ जाणारी गोष्ट ठरू शकते. परताव्याचे आश्वासन देऊन लोकांकडून ठेवी घेतल्यास २०१९ चा अनियंत्रित ठेव योजना प्रतिबंधक कायदा लागू होण्याचा धोका असतो. परताव्याचे आश्वासन न देता, श्रेयनामावलीत नाव किंवा पहिल्या खेळाचे तिकीट देऊन वर्गणी गोळा करण्याचा मार्ग मात्र मोकळा आहे, आणि त्यावर स्थानिक पातळीवरील लहान रकमा खरोखर उभ्या राहतात.

लोकवर्गणीचा विषय निघाला की १९७६ चा श्याम बेनेगल यांचा ‘मंथन’ आठवला जातो. गुजरातमधील पाच लाख दूध उत्पादकांनी प्रत्येकी दोन रुपये देऊन तो घडवला. पण ते पैसे कोण्या दिग्दर्शकाने दारोदार जाऊन मागितलेले नव्हते. ते जमवायला सहकारी दूधसंघाची आधीच उभी असलेली यंत्रणा होती आणि तेच सभासद पुढे ट्रकने भरून तो पाहायला आले. केरळात जॉन अब्राहम यांच्या ओडेसा गटाने गावोगावी चित्रपट दाखवून लोकांकडून पैसे जमवले आणि १९८६ मध्ये ‘अम्मा अरियान’ पूर्ण केला, तेथेही आधी प्रेक्षकांशी नाते जुळले आणि पैसा नंतर आला. आपल्या विषयाशी बांधलेली अशी संस्था असेल, म्हणजे ऊसतोड कामगारांची संघटना, माजी विद्यार्थ्यांचा संघ, एखाद्या गडाचे संवर्धन करणारा गट, तर वर्गणीचा विचार करावा. नसेल तर आठ-दहा गुंतवणूकदार शोधणे कमी दमवणारे असते.

या गुंतवणूकदारांशी होणाऱ्या करारात सगळ्यांत महत्त्वाचे कलम वसुलीच्या क्रमाचे असते, आणि मराठीत नेमके तेच ‘नफ्यात पन्नास टक्के’ अशा तीन शब्दांत उरकले जाते. नफा म्हणजे कोणता खर्च वजा केल्यावरची रक्कम, हे लिहिलेलेच नसते. त्याऐवजी आकड्यांत लिहावे. उदाहरणार्थ, गुंतवणूकदारांचे ८० लाख रुपये आहेत आणि कलाकार-तंत्रज्ञांचे २० लाखांचे मानधन पुढे ढकललेले आहे. वितरकाचे कमिशन व प्रदर्शनाचा खर्च गेल्यावर १ कोटी ३० लाख जमा झाले, तर त्यातून प्रथम गुंतवणूकदारांना मुद्दल अधिक १५ टक्के, म्हणजे ९२ लाख. त्यानंतर थकलेले मानधन २० लाख. आणि उरलेले १८ लाख गुंतवणूकदार व निर्माता यांच्यात निम्मे निम्मे, ९ आणि ९ लाख. जमा ९२ लाखच झाली, तर तंत्रज्ञांना काहीही मिळणार नाही, हे त्यांना चित्रीकरणाआधी याच तक्त्यावरून दाखवावे. काही जण तेव्हा कमी पण रोखीचे मानधन मागतात, आणि तो त्यांचा हक्क आहे. प्रकाशयोजनेचे कामगार, स्पॉटबॉय, चालक आणि स्वयंपाकी यांचे पैसे कधीही पुढे ढकलू नयेत.

‘रोख देतो, पावती नको’ म्हणणारा गुंतवणूकदार प्रत्येक चित्रपटाला एकदा तरी भेटतो. एका व्यवहारात दोन लाख किंवा त्याहून अधिक रोख स्वीकारणे आणि वीस हजार वा त्याहून अधिक कर्ज रोखीने घेणे आयकर कायद्याला मान्य नाही, आणि एका व्यक्तीला दिवसात दहा हजारांहून जास्त रोख दिल्यास तो खर्च वजावटीस पात्र ठरत नाही. शिवाय ज्याला पन्नास हजारांहून अधिक दिले त्याचा तपशील निर्मात्याने आयकर विभागाला वेगळ्या विवरणात द्यावा लागतो. रोखीने आलेला पैसा हिशेबात दाखवता येत नाही, म्हणून त्यातून केलेला खर्चही दाखवता येत नाही, आणि अनुदानाचा अर्ज करताना चित्रपट कागदावर अर्ध्याच किमतीत तयार झालेला दिसतो. दुबई किंवा न्यू जर्सीतला मराठी मित्र पैसे पाठवणार असेल, तर रक्कम खात्यात येण्याआधी परकीय चलनाच्या नियमांबद्दल सनदी लेखापालाला विचारावे, आल्यावर नव्हे.

अनुदाने, निधी आणि गोव्यातला नोव्हेंबर

महाराष्ट्र शासन दर्जेदार मराठी चित्रपटांना अर्थसाह्य देते. परीक्षण समितीने ‘अ’ दर्जा दिलेल्या चित्रपटाला ४० लाख आणि ‘ब’ दर्जाला ३० लाख रुपये, हे या योजनेचे बऱ्याच वर्षांपासून परिचित आकडे आहेत. अर्ज गोरेगावच्या दादासाहेब फाळके चित्रनगरीमार्फत हाताळले जातात आणि अटी बदलत असल्याने चालू शासन निर्णय मुळातून वाचावा. पण या योजनेबद्दलचा मुख्य मुद्दा आकड्याचा नाही. हे पैसे चित्रपट पूर्ण होऊन प्रमाणपत्र मिळाल्यानंतर आणि परीक्षण झाल्यानंतर मिळतात, म्हणून ते निर्मितीचे भांडवल ठरत नाहीत; वसुलीच्या तक्त्यात मात्र त्यांना जागा आहे. अनुदान येईल या भरवशावर महिना दोन-तीन टक्के व्याजाने कर्ज काढणाऱ्याचे पुढे काय होते हे सांगायला फार दूर जावे लागत नाही. गोव्यातील निर्मात्यांसाठी गोवा मनोरंजन संस्थेमार्फत कोकणी व मराठी चित्रपटांना अर्थसाह्याची योजना आहे.

राष्ट्रीय चित्रपट विकास महामंडळ २००७ पासून नोव्हेंबरमध्ये, आंतरराष्ट्रीय चित्रपट महोत्सवाच्या काळात, गोव्यात फिल्म बझार भरवते. अलीकडे तो वेव्हज फिल्म बझार या नावाने ओळखला जातो. पटकथेच्या टप्प्यावर असाल तर पटकथालेखकांची लॅब आणि को-प्रॉडक्शन मार्केट, कच्चे संकलन तयार असेल तर वर्क-इन-प्रोग्रेस लॅब, आणि पूर्ण चित्रपटासाठी व्ह्यूइंग रूम, असे वेगवेगळे दरवाजे तिथे आहेत. प्रत्येकाची अर्जाची मुदत काही महिने आधी संपते. पणजीला जाऊन आल्याने करार होतो, असे समजू नये. तिथे ओळख होते आणि करार झालाच तर दोन वर्षांनी होतो.

परदेशी निधीबाबतही असेच धीराचे गणित आहे. रॉटरडॅम महोत्सवाचा ह्युबर्ट बाल्स निधी पटकथेच्या विकासासाठी मदत करतो, आणि चैतन्य ताम्हाणे यांच्या ‘कोर्ट’ला त्याची मदत झाली होती, बर्लिनचा वर्ल्ड सिनेमा फंड जर्मन सहनिर्माता असल्याशिवाय मिळत नाही. रोहन कानवडे यांच्या ‘साबर बोंडं’ला २०२५ मध्ये अमेरिकेतील सनडान्स महोत्सवात जो मान मिळाला, त्याआधी लॅब आणि मार्केटमधून फिरण्याची कित्येक वर्षे होती. महोत्सवातील निवड आनंदाची असते, पण ती जमेची नोंद नव्हे: प्रवास, प्रसिद्धी आणि सबटायटल यांचा खर्च निर्मात्यालाच करावा लागतो. २००४ मध्ये ‘श्वास’ ऑस्करसाठी पाठवला गेला तेव्हा तिथल्या प्रचारासाठी महाराष्ट्रातील लोकांनी पैसे जमवून दिले होते.

या सर्व ठिकाणी मागतात ते एक पानाचे कथासार, दिग्दर्शकाचे टिपण, अंदाजपत्रक, आतापर्यंत जमलेल्या पैशाचा तपशील आणि शक्य असल्यास चित्रित केलेला नमुना. या शेवटच्या गोष्टीवर मी सगळ्यात जास्त भर देतो. फाळक्यांनी विमा पॉलिसी गहाण ठेवली आणि सरस्वतीबाईंचे दागिने गेले, ही गोष्ट प्रत्येक नवा निर्माता अभिमानाने सांगतो आणि घर गहाण टाकायला निघतो. पण १९१२ मध्ये लंडनहून कॅमेरा घेऊन परतल्यावर फाळक्यांनी आधी काय केले, तर कुंडीत वाटाणा पेरला, रोज थोडे थोडे चित्रण करून त्याचे रोप होताना दाखवणारा एक छोटा चित्रपट तयार केला आणि तो दाखवून पैसा देणारा माणूस मिळवला. ‘राजा हरिश्चंद्र’ त्यानंतर, ३ मे १९१३ रोजी प्रदर्शित झाला. अनुकरण करायचेच तर वाटाण्याचे करावे. आपल्या पटकथेतील दोन माणसांचे एक दृश्य निवडावे, ते एका दिवसात, नीट ध्वनीसह चित्रित करावे आणि तीन मिनिटांत संपवावे. घोषणाबाजीचे संगीत लावलेला ट्रेलर करू नये. गुंतवणूकदाराला पाहायचे असते ते हे की तुम्हाला एक दृश्य धरता येते का.

प्रमाणपत्रापासून शुक्रवारपर्यंत

प्रमाणन मंडळाकडे अर्ज ऑनलाइन होतो. प्रदर्शनाची तारीख जाहीर करून मग अर्ज करण्याची सवय मोडावी. कापाकापीची सूचना आली तर ध्वनिमिश्रण पुन्हा उघडावे लागते आणि त्याला दिवस लागतात. २०२३ च्या दुरुस्तीनंतर यूए वर्गाचे ७, १३ आणि १६ वर्षे असे तीन भाग झाले आहेत. पात्र विडी ओढत असेल तर तंबाखूविरोधी सूचना सुरुवातीला, मध्यांतरानंतर आणि त्या दृश्यावर लावाव्या लागतात. अनेक दिग्दर्शक हे कळल्यावर पात्राची विडी सोडवतात.

प्रदर्शनाच्या तारखेला करांचीही एक बाजू आहे. आयकर नियमांनुसार आर्थिक वर्ष संपण्याआधी किमान ९० दिवस चित्रपट प्रदर्शित झाला असेल, तर संपूर्ण निर्मितीखर्च त्याच वर्षी वजा करता येतो. नाही तर वजावट त्या वर्षीच्या उत्पन्नापुरती मिळते आणि उरलेला खर्च पुढच्या वर्षी जातो. डिसेंबरचा शेवट की जानेवारीचा मध्य, हा निर्णय सनदी लेखापालाशी बोलून घ्यावा.

साडेतीनशे खेळ मिळाले तर आनंद मानण्याआधी ते कोणत्या वेळेचे आहेत ते पाहावे. सकाळी सव्वानऊचा ठाण्यातला खेळ कागदावर खेळ असतो. विदर्भातल्या कथेचा चित्रपट असेल, तर नागपूर, चंद्रपूर, यवतमाळ आणि अमरावती येथे आधी चार दिवस स्वतः जाऊन, महाविद्यालये व वाचनालयांत बोलून, तिथल्या मोजक्या पडद्यांवर संध्याकाळची वेळ मागावी आणि मुंबईत हात आखडता घ्यावा. प्रसिद्धी व प्रदर्शनाचे ६० लाख राज्यभर पातळ करून पसरण्यापेक्षा चार जिल्ह्यांत ओतलेले पंधरा लाख तिकिटांत दिसतात, असा माझा अनुभव आहे, आणि त्यामुळे वर मांडलेला ३ लाख ३३ हजारांचा आकडाही खाली येतो.

शुक्रवारपासून रोजचा आकडा वितरकाकडून लेखी मागावा: चित्रपटगृह, खेळ, तिकिटे, ढोबळ रक्कम, कर, वाटा. तोंडी आकड्याची नोंद करू नये. आठवडा संपला की हाच तक्ता गुंतवणूकदारांना पाठवावा, आणि पुढे दर तीन महिन्यांनी वसुलीच्या क्रमातील प्रत्येक ओळीसमोर जमा रक्कम लिहून विवरण पाठवत राहावे. काही तिमाहींत सगळ्या ओळींसमोर शून्य येईल. तेही विवरण ठरल्या तारखेला, बँकेच्या उताऱ्यासह पाठवावे.